पहिला वाटा

रापणीच्या गावात वाढलेला माणूस न्याय-अन्याय पुस्तकातून शिकत नाही. तो ते वाळूवर पडलेल्या मासळीच्या ढिगाशी उभा राहून शिकतो. मालवण-देवगडकडच्या वाचकांना रापण सांगायला नको, पण घाटावरच्या आणि शहरातल्या वाचकांसाठी दोन शब्दांत सांगतो. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडत न्यायचं, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्हीकडे माणसं लावून ते ओढत राहायचं. पाच-पंचवीस माणसांचं हे काम नव्हे, अख्खी वाडी लागते. जाळं वाळूला टेकलं की मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या माणसांचे वाटे.

पण आमच्या गावात हे वाटे पडण्याआधी एक गोष्ट व्हायची. दोराला हात लावून गेलेला म्हातारा, नवरा दर्यात गेलेली एखादी बाई, शाळा चुकवून आलेलं पोर, अशा सगळ्यांच्या टोपलीत किंवा ओच्यात ‘निस्त्यापुरती’ मासळी पडायची. निस्त्यापुरती म्हणजे त्या दिवसाच्या कालवणापुरती. ती कुणी मोजायचं नाही आणि त्यावर कुणी उपकाराची भाषाही करायचं नाही. लिलाव पुकारला जायचा तो त्यानंतर. व्यापारी छत्री उघडून बाजूला उभा असायचा, तोही हे बघत थांबायचा.

माझी आजी ह्या सगळ्याचा हिशोब एका वाक्यात सांगायची. “पयलो वाटो दर्याचो, दुसरो चुलीचो, उरात तो बाजाराचो.” लहानपणी मला ही नुसती म्हण वाटायची. आता साठीकडे झुकताना वाटतं की आमच्या किनाऱ्यावरचं आजचं सगळं भांडण ह्या तीन वाट्यांच्या क्रमाचं आहे. मासे कमी झाले हे खरं. पण मासे कमी झाले म्हणजे कुणाचा वाटा आधी कापायचा? दर्याचा, चुलीचा की बाजाराचा? हा प्रश्न मत्स्यशास्त्राचा नाही, नीतीचा आहे. म्हणून त्यावर आजीच्या भाषेत बोलायचं ठरवलं आहे.

पहिला दर्याचा वाटा. आमच्याकडे जूनचा पाऊस धरला की होड्या वर ओढून झावळांनी शाकारायच्या. मग नारळी पौर्णिमेला नारळ देईपर्यंत कुणी त्यांना हात लावायचं नाही. “दर्याक पण बाळंतपण असता,” असं आजी म्हणायची, आणि ते शब्दशः खरं आहे. तारले, बांगडे ह्यांचा विणीचा मोठा काळ पावसाळ्यातच येतो. ह्याच दिवसांत नैर्ऋत्येच्या वाऱ्यांमुळे खोल समुद्रातलं थंड, कसदार पाणी वर येतं. नद्याही डोंगरातला गाळ घेऊन समुद्रात उतरतात. त्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती आणि जीव माजतात आणि अंड्यांतून बाहेर पडलेल्या पिल्लांना तयार ताट मिळतं. आज कायद्यानं पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी आहे, ती ह्याच कारणानं.

मात्र इथे आपल्या पूर्वजांचे गोडवे गाताना जरा जपून बोललं पाहिजे. आमचे आजोबा-पणजोबा पावसात दर्यात जात नव्हते, ते सगळं निव्वळ शहाणपण नव्हतं. वल्ह्याची होडी घेऊन आषाढातल्या लाटेवर जाण्याची कुणाची छाती होती? लाट हाच कायदा होता आणि तो मोडणाऱ्याला शिक्षाही लाटच द्यायची. माणूस जे करूच शकत नाही, ते तो करत नाही म्हणून त्याला संयमी म्हणता येत नाही. होडीला इंजिन आलं, जाळं नायलॉनचं झालं, मासळीचा थवा दाखवणारं यंत्र आलं, आणि त्या दिवसापासून आमच्या संयमाची परीक्षा खऱ्या अर्थानं सुरू झाली. दर्याचा वाटा पूर्वी दर्याच राखत होता. आता तो आपल्याला राखायचा आहे, आणि हे काम आपल्या आधीच्या कुठल्याच पिढीला करावं लागलेलं नाही.

दर्याच्या वाट्याचा दुसरा भाग म्हणजे लहान मासा. ह्याबाबत शहरात मोठा गोंधळ असतो. ‘लहान मासे खाऊ नका’ असं एक सरसकट वाक्य हल्ली ऐकू येतं. आमची आजी त्या वाक्याला हसली असती. कारण लहान जातीचा मासा आणि मोठ्या माशाचं लहान पोर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेडवा वीतभरसुद्धा होत नाही, पण तो पूर्ण वाढलेला, घरसंसार केलेला मासा असतो. वीतभर सुरमई मात्र दुधावरचं पोर. तळहाताएवढं पापलेट तेही पोरच. आजीची कसोटी लांबीची नव्हती. ती म्हणायची, “ज्या माशान एकदा तरी गाबोळी सोडल्यान, तो आपलो. नायतर तो अजून दर्याचो.”

ही कसोटी किती शास्त्रशुद्ध होती हे मला फार उशिरा कळलं. मासा किमान एकदा प्रजनन करीपर्यंत जगू द्यावा, ह्याच तत्त्वावर आता माशांची किमान कायदेशीर लांबी ठरवतात. केरळनं २०१५ साली ती सुरुवात केली. आपल्या राज्यात २०२३ साली ५४ जातींसाठी तशी लांबी ठरली. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. पण हॉटेलच्या थाळीत पापलेटची पोरं अजूनही येतातच. आजी काही साध्वी नव्हती. मे महिन्यातल्या भरल्या गाबोळीचं तिला भारी कौतुक, ती तव्यावर परतून आम्हाला वाढायची. तिच्या नियमात ही विसंगती होती आणि तिला ती ठाऊकही असावी. पण नियम पूर्ण पाळता येत नाही म्हणून तो टाकून द्यायचा, असा हिशोब ती करत नसे.

आता चुलीचा वाटा. आमच्या घरात पापलेट-सुरमई क्वचित शिजली. ती बाजारात जायची आणि जायलाच हवी होती. माझी कॉलेजची फी सुरमईनंच भरली. ताटात असायचे पेडवे, तारले, बांगडे. तिरफळं आणि सोलं घालून पेडव्यांचं तिखलं मंद आचेवर आटवलं की काटा इतका मऊ व्हायचा की डोक्या-शेपटीसकट मासा पोटात जायचा. आजारी माणसाला मुडदुशीचं सार. आणि पावसातले दोन महिने सुक्या मासळीचे. उकड्या तांदळाची पेज, निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा, कधी कांदा घालून परतलेला गोलमो. ह्याच्यावर आम्ही वाढलो. दर्याला दोन महिने विश्रांती देणं गरिबाला परवडत होतं, कारण एप्रिल-मेमध्ये बायकांनी वाळूवर, खडकांवर मासळी सुकवून डबे भरलेले असायचे. म्हणजे दर्याचा वाटा आणि चुलीचा वाटा एकमेकांच्या आधारानं उभे होते. बंदी कागदावर यायच्या आधी ती त्या डब्यांमुळे शक्य झाली होती.

ह्या साध्या जेवणाची थोरवी आता जग सांगतं आहे. शकुंतला हरकसिंग थिलस्टेड ह्या भारतीय वंशाच्या, त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पोषणतज्ज्ञ. त्यांनी बांगलादेशात ‘मोला’ नावाच्या बोटभर माशाचा अभ्यास केला. अख्खा, डोक्यासकट खाल्लेल्या त्या माशातून अ जीवनसत्त्व, कॅल्शियम, लोह, जस्त अशी किती द्रव्यं आईला आणि बाळाला मिळतात हे त्यांनी दाखवून दिलं. २०२१ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मोठ्या माशाची काटा काढलेली तुकडी महाग, पण त्यात ह्यातलं बरंचसं नसतं; ते डोक्यात, डोळ्यांत, काट्यात आणि काळजात असतं. गरिबाचा मासा हा गरिबीमुळे पत्करलेला हलका मासा, ही समजूतच चुकीची निघाली. २०१९ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात जगभरच्या मासेमारीचा पोषणाच्या अंगानं हिशोब प्रसिद्ध झाला. त्यातलं एक निरीक्षण मला फार लागलं. ज्या देशांतल्या लोकांना पुरेसं लोह, जस्त, कॅल्शियम मिळत नाही, त्यांतल्या अनेकांच्या समुद्रातून निघणाऱ्या मासळीत किनाऱ्यापासून १०० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांची गरज भागून उरेल एवढी पोषणद्रव्यं असतात. अन्न दारात येतं आणि दारावरून पुढे जातं.

कुठे जातं? हे बघायला मला लांब जावं लागलं नाही. गेल्या काही वर्षांत आमच्या बंदरात बर्फाच्या गाड्या उभ्या असतात आणि त्यांत बोटभर तारले फावड्यानं भरले जातात. टोपलीनं नव्हे, फावड्यानं. हे तारले माणसाच्या ताटासाठी नसतात. कर्नाटकात, गोव्यात मासळीची भुकटी आणि तेल काढण्याचे कारखाने आहेत. साधारण चार ते पाच किलो ओली मासळी वाळवून-दळून एक किलो भुकटी होते. ती जाते कोळंबीच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात. कोळंबी गोठवून परदेशी जाते. आणि कोंबडी? ती ब्रॉयलर होऊन आमच्याच तिठ्यावरच्या दुकानात परत येते. ज्या बाईच्या सासूनं तारले सुकवले, ती आता पावसात कोंबडी विकत घेते. पैसे नसले तर तेही नाही. माझी वहिनी अंगणवाडी सेविका आहे. ती एकदा म्हणाली, “ह्या पोरांका खिडकीतसून दर्या दिसता, पण ताटात मासो दिसना नाय.” पोरांच्या डब्यात बिस्किटं असतात.

आता दुसरी बाजू ऐकली पाहिजे, आणि ती माझ्या घरातलीच आहे. माझा चुलत भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, मोठ्या बोटीवर भागीदार आहे. पर्ससीन जाळ्याची बोट. हे जाळं मासळीच्या अख्ख्या थव्याभोवती टाकून खालून पिशवीसारखं आवळतात. रापण किनाऱ्यावर थांबून मासळीची वाट बघते. पर्ससीन मासळीच्या मागे जातं. गाडीत तारले भरले जात असताना मी त्याला विचारलं, “दादा, ही पोरां कित्या धरलास?”

तो रागावला नाही. शांतपणे म्हणाला, “तू म्हयन्याच्या म्हयन्याक पगार घेतंस. तुका दर्याचो पुळको येता. माका कर्जाचो हप्तो येता. आणि मी नाय धरलंय तर रात्री लायटी लावन दुसरो धरतलो. मगे तो शाणो आणि मी खुळो?”

ह्या बोलण्यात दोन वेगवेगळे मुद्दे आहेत आणि दोन्ही हलके नाहीत.

पहिला असा की ज्याचं पोट भरलेलं आहे त्यानं दुसऱ्याला संयम शिकवू नये. हे मला मान्य आहे. शहरातल्या माणसानं थंड खोलीत बसून ‘समुद्र वाचवा’ म्हणायचं आणि संध्याकाळी कोळंबीचं ताट मागवायचं, ह्याला नीती म्हणत नाहीत. पण दादाचा युक्तिवाद एका ठिकाणी अडतो. फावड्यानं भरलेले तारले उपाशी माणसाच्या तोंडात जात नव्हते. पोटाचा हक्क मोठा आहे हे खरं. मात्र पोटाचं नाव सांगून हप्त्याचा हक्क पुढे करता येत नाही. हप्ता खरा आहे, त्याची चिंता खरी आहे, पण तो बाजाराचा वाटा आहे, चुलीचा नव्हे. आजीच्या क्रमात तो तिसरा येतो. भुकेल्या घरानं कालवणापुरती चार पिल्लं शिजवली आणि गाडीभर पिल्लं भुकटीला गेली, ह्या दोन गोष्टी कायद्याच्या मोजपट्टीवर एकाच कलमात बसतील. मनाच्या तराजूत त्या एका पारड्यात बसत नाहीत.

दुसरा मुद्दा जास्त अवघड. मी नाही धरलं तर दुसरा धरेल. जमिनीला सातबारा असतो, समुद्राला नाही. ज्याला मालक नाही ते आज सोडलं तर उद्या आपल्यालाच मिळेल ह्याची हमी काय? अशा एकट्या माणसाचा संयम पुण्याचा असेल, पण उपयोगाचा नसतो, हे दादाचं म्हणणं खोटं नाही. त्यावर उत्तर एकच दिसतं की संयम एकट्यानं करायची गोष्टच नाही, तो वाडीनं करायचा असतो. सामायिक पाणी, कुरणं, मासेमारी लोक आपापसांत नियम करून पिढ्यान्‌पिढ्या कशी राखतात, ह्याच अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या रापण संघांना हे ठाऊक होतं. आज कुणाची रापण आधी लागेल, कुठल्या पट्ट्यात लागेल, ह्याचे नियम होते आणि ते मोडणाऱ्याला वाळूवर तोंड दाखवणं मुश्कील व्हायचं.

सरकारी नियमही आहेत. २०१६ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध आणले. २०१७ साली केंद्रानं एलईडी दिव्यांच्या मासेमारीला मनाई केली. तरी अंधार पडला की क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते आणि किनाऱ्यावरचा रापणकर ती मोजत बसतो. नियम पाळणाऱ्याला तो मोडणारा रोज डोळ्यांसमोर दिसत असेल, तर पाळणाऱ्यावर तो अन्यायच असतो. म्हणून मला वाटतं, गस्त घालणं हा नुसता बंदोबस्ताचा प्रश्न नाही. गस्त असेल तरच प्रामाणिक माणसाला खुळा न ठरता प्रामाणिक राहता येतं.

चुलीचा वाटा दुसरा म्हटला म्हणजे चुलीचं सगळंच बरोबर, असं मात्र नाही. आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी घालतात. मोरी म्हणजे लहान शार्क. बहुतेक शार्क वयात यायलाच कैक वर्षं घेतात आणि पिल्लंही थोडी देतात. पेडव्यासारखी हजारो अंडी सोडून मोकळी होणारी ही जात नव्हे. पूर्वी मोरी कधीमधी लागायची, वाडीत वाटून खायची, तेव्हा निभत होतं. आता चारी बाजूंनी धरल्यावर निभणार नाही. बाळंतिणीचा हक्क खरा, पण तो अंगात ताकद येण्याचा हक्क आहे, मोरीचाच नव्हे. पेडवे आहेत, मुडदुशा आहेत. इथे दर्याचा वाटा आधी ठेवला तर चुलीचं काही बिघडत नाही, फक्त चुलीनं सवय बदलायची. अशी सवय बदलायला घरातल्या म्हाताऱ्या बायकांनाच पुढे यावं लागेल, पत्रकं वाटून ते होणार नाही.

मग काय करायचं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे मोठी योजना नाही. आजीचा क्रम आहे. दर्याच्या वाट्याला बंदीचे दिवस आणि पिल्लं, ही सूट कुणालाच नको, बोट लहान असो की मोठी. चुलीच्या वाट्याला पेडवे-तारले-बांगडे; ते आधी किनाऱ्यावरच्या आणि जवळपासच्या गावांतल्या माणसांना ताजे किंवा सुके मिळू देत, उरले तर भुकटीचा विचार करा. सुकवायला स्वच्छ ओटे, पावसासाठी कोरडी जागा, एवढं बायकांना मिळालं तरी दोन महिन्यांची बंदी पुन्हा गरिबाला झेपेल. नाहीतर बंदी दर्याचं पोट भरते आणि वाडीचं रिकामं ठेवते. अशी बंदी माणूस मनातून कधीच पाळत नाही.

आणि शहरातल्या वाचकाला एवढंच सांगेन की बाजाराचा वाटा म्हणजे तुम्ही. तुमच्यावर माझा राग नाही, तुमच्या पैशावर आमची शिक्षणं झाली. पण हातभर सुरमईचं पोर मागू नका, तळहाताएवढं पापलेट परत करा, आणि कधीतरी पेडवे घ्या. काट्याला घाबरू नका, सोलं घालून जरा जास्त वेळ आटवा. वासामुळे शेजारी कुरकुरले तर त्यांनाही वाटीभर द्या.

दादा अजून बोटीवर जातो. हप्ता अजून फिटलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात काकीनं पुन्हा बांगडे सुकवायला घातले, तेव्हा त्यानं स्वतःच्या बोटीवरची दोन टोपल्या मासळी लिलावाआधी बाजूला काढून घरी पाठवली. त्यानं दर्याचं काही भलं झालं, असं म्हणता येणार नाही. ती मासळीही त्याच जाळ्यातली. पण लिलावाच्या आधी चूल आठवली, हे मी नोंदवून ठेवतो. क्रम एका दिवसात उलटा झाला नाही, तो एका दिवसात सुलटाही होणार नाही. दुसरा वाटा जागेवर यायला लागला, तर पहिल्याबद्दल बोलायला तोंड उरेल.